मशीन आत घेत नाही

मांडवी, रत्नागिरी
१४ जुलै २०२५

दर्शन,

फोनवरून ईमेल करतोय, कारण व्हॉट्सॲपवर मी तुला बंद केलंय की तू मला, हे आता आठवत नाही. हा पत्ता तूच काढून दिला होतास, तो अजून चालतो. फोन करू नकोस. घसा बसलाय, डॉक्टरने बोलायला मनाई केली आहे. काम लिहून सांगण्यासारखंच आहे.

तू बसवून दिलेली मशीन बिघडली. पोफळीला पॉवरहाऊसमध्ये आम्ही बिघाडाची नोंद जशी करायचो तशी देतो, म्हणजे तुला उलटतपासणी करावी लागणार नाही. शनिवारी दुपारी पडद्यावर चौकट आली की लिनक्सची नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का. ही चौकट कित्येक महिने येत होती आणि मी दर वेळी ती बंद करत होतो. त्या दिवशी जेवण झालेलं, पावसाने समोरचा समुद्रही दिसत नव्हता, करायला काही नव्हतं, म्हणून 'हो' वर बोट ठेवलं. संध्याकाळपर्यंत पट्टी सरकत राहिली. मधे वीज गेली नाही. हे आधीच लिहितो, कारण तू पहिलं तेच विचारशील. शेवटी मशीन आपणहून बंद होऊन चालू झाली आणि माझं नाव आलं. पासवर्ड घातला. पडदा काळा झाला, एकदा लुकलुकला आणि पुन्हा माझं नाव. पुन्हा पासवर्ड, पुन्हा काळा पडदा, पुन्हा नाव.

मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड घालून पाहिला. तेव्हा ती चुकलं म्हणून स्पष्ट सांगते. बरोबर घातला की काहीच सांगत नाही, नुसती दारातून परत पाठवते. म्हणजे मला ओळखते, पण आत घेत नाही. हे काय आहे ते कळव.

आठवडा बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्या हर्षदला बोलावलं होतं. त्याने छत्री दारात मिटली आणि उभ्यानेच निकाल दिला. "काका, ह्यात काय ठेवलाव? फॉरमॅट मारूया, अर्ध्या तासात मोकळा." मी पाटीवर 'नको' लिहून दाखवलं. तुझी आई त्याला म्हणाली, "चहा घे नि जा बाबा." पॉवरहाऊसमध्ये यंत्रावर ज्याने काम चालू असल्याचा टॅग लावला, त्यानेच तो काढायचा असतो, साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. मशीन तू बसवलीस. तू सांगितल्याशिवाय ती कोणी उघडणार नाही.

आत काय आहे ते तुला माहीत आहे. लॉकडाऊनची दोन वर्षं तू घरून काम करत होतास तेव्हा रोज तिन्हीसांजेला समोर बसवून माझी गाणी भरून घेतलीस. गण, गवळणी, सवाल, सगळं. दुसरी प्रत नंतर काढू म्हणालास आणि मग मुंबईला गेलास. शब्द माझ्या वहीत आहेत, पण चाल वहीत उतरत नाही. गौरी आल्या की गावात शक्ती-तुऱ्याची बारी आहे, समोरासमोर सवाल-जवाब. यंदा आपल्या मंडळाकडून मी गाणार नाही, ओमकार गाणार. त्याचा गळा चांगला आहे, पण चाल त्याला कोणीतरी गाऊन दाखवावी लागते, आणि मला मनाई. राहता राहिली मशीन. ती उघडली नाही तर माझी एकही चाल कुणाला मिळणार नाही.

समोर कोण उभं राहणार ते तुला माझ्याआधी कळलं असेल. तुरेवाल्यांनी तुमचं मुंबईचं मंडळ बोलावलंय. तरीही कळव. कळवायचं नसेल तर तसं कळव, म्हणजे वाट बघायला नको.

बाबा


१७ जुलै

दर्शन,

तुझ्या तीन ओळी मिळाल्या. मायना नाही, खाली नाव नाही. चालेल. कामाचा निरोप असाच असावा.

सांगितल्याप्रमाणे केलं. नाव दिसत असताना कंट्रोल, आल्ट आणि एफ-तीन एकदम दाबलं. पडदा काळा झाला आणि वर पांढरी अक्षरं आली. घाबरवायला ठीक आहे, पण आमची कंट्रोल रूम बऱ्याच वर्षांनी दिसल्यासारखं वाटलं. तिथे माझं नाव टाइप केलं, पासवर्ड टाइप केला. पासवर्ड टाइप करताना काही उमटत नाही हे तू लिहिलं नव्हतंस. मला वाटलं कीबोर्डच गेला, म्हणून उगाच दोनदा उठून वायर तपासली. तिसऱ्या खेपेला मशीनने आत घेतलं. तू म्हणतोस तेच खरं, पासवर्डात दोष नाही आणि खातंही शाबूत आहे. फक्त रंगीत पडद्याच्या दाराने जाता येत नाही.

नंतर तू दिलेली आज्ञा टाइप केली, डी-एफ, मोकळी जागा, आडवी रेघ, एच. त्यातली तुला हवी ती ओळ अशी: डिस्क भरलेली शंभर टक्के, शिल्लक शून्य.

म्हणजे दाराशी उभं राहिलेल्याला आत पाय ठेवायलाच जागा नाही. तू लिहिलंयस की आत शिरताना मशीनला एक बारीकशी फाइल लिहावी लागते, ती लिहिता आली नाही की ती माणसाला मागे ढकलते. हे समजलं. हर्षदला समजलं नसतं अशातला भाग नाही, त्याला वेळ नव्हता एवढंच.

तुझी आई हे सगळं चालू असताना मागे उभी होती. "काय लिवलाय त्याने? जेवताव काय, बरे हाव काय, असा काय इचारलाय?" मी पाटीवर 'नाही' लिहिलं. त्यावर म्हणाली, "नि तुमी इचारलाव काय त्याला?" मी पाटी पुसली.

ओमकार काल येऊन गेला. मी तुला विचारून मशीन दुरुस्त करतोय हे कळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काका, समोरचा शाहीर तो! आपली हत्यारा त्याच्याकडनंच साफ करून घ्यायची?" मी लिहून दाखवलं की तो मशीन दुरुस्त करतोय, गाणी नाही. त्याला पटलेलं दिसलं नाही. पाटीवर माणसाला पटवणं कठीण आहे, खडू संपतो आणि समोरच्याचा जोर संपत नाही.

पुढे काय करायचं?

बाबा


२१ जुलै

दर्शन,

जागा कोणी खाल्ली ते शोधायची आज्ञा चालवली. बराच वेळ लागला. आकडे सगळे उतरवत बसत नाही, गोषवारा देतो. 'गाणी' नावाचं तुझं फोल्डर जसंच्या तसं आहे, हे बघून जीव भांड्यात पडला. त्याने फारशी जागा घेतलेली नाही. जवळजवळ सगळी डिस्क 'सराव' नावाच्या फोल्डरने भरली आहे. ते मी केलेलं आहे.

तू गाणी भरायला जो प्रोग्रॅम ठेवला होतास तोच मी वापरतो, त्याच सेटिंगवर. आवाजाचा दर्जा कमी करायचा नाही असं तू बजावलं होतंस, म्हणून कमी केला नाही. सकाळी चालू करतो आणि जेवायला उठताना बंद करतो. मधे बंद-चालू करत नाही. यंत्र एकदा फिरायला लागलं की फिरत ठेवावं. सारखं थांबवून सुरू केलं की झिजतं. तुझ्या प्रोग्रॅमला हा नियम लागू नाही असं तू म्हणशील. तीस वर्षं टर्बाइनजवळ काढलेल्या माणसाने बटण दाबलं की हात आपोआप मागे येतो, त्याला काय करायचं? फाइली एवढ्या मोठ्या का, याचं कारण एवढंच. त्यातला बराचसा भाग रिकामा आहे. समुद्र, पंखा, आईचा मिक्सर.

'नको असतील तर पुसून टाका, लगेच आत जाता येईल,' असं तू लिहिलंयस. पुसणं सोपं आहे, आज्ञाही तू दिली आहेस. मी ती टाइप केली होती, एंटर दाबलं नाही. दुसऱ्या कुठल्या वाटेने जागा होते का ते बघ.

डॉक्टरने घशाचे काही व्यायाम दिलेत, त्याचा तो सराव आहे. मनाई असताना सराव कसला, असं विचारू नकोस.

बारीला जेमतेम सव्वा महिना उरला. ओमकार गण घोकतोय, पण चुकीच्या चालीत. मी समोर बसून हाताने ठेका धरतो आणि मान हलवतो. तो म्हणतो, "काका, मान हलवून काय कळत नाय. हा का ना, येवढा तरी सांगा." मी मान हलवतो.

बाबा


२५ जुलै

दर्शन,

विचारू नकोस म्हटलं तेच नेमकं विचारलंस. लहानपणापासून हीच खोड. मग आता वाच.

गेल्या दिवाळीच्या आधी घशात गाठ निघाली. ती काढली. तिच्याबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागली. मला आवाज नाही. बसलेला नाही, नाहीच. गळ्याला पुढून एक भोक आहे, श्वास तिथून चालतो, वर आईने शिवलेलं सुती फडकं असतं. तब्येत चांगली आहे. गाठ पुन्हा आलेली नाही, दर तीन महिन्यांनी दाखवून येतो. मासे खातो. जिना चढतो. पोहायला मात्र जायचं नाही म्हणालेत.

मुंबईला न जाता कोल्हापूरला गेलो, कारण मुंबईला तू होतास. आईने तुला फोनवर सांगितलं की आम्ही लग्नाला कोल्हापूरला आहोत. तीन आठवडे चाललेलं ते लग्न तू कसं काय खपवून घेतलंस, याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटलं होतं. तिला दोष देऊ नकोस. ग्रामदेवतेची शपथ घातली होती मी. तेव्हापासून ती माझ्याशी पाटीपुरतंच बोलते. हे पत्र लिहायच्या आधी शपथ सोडवली, तर म्हणाली, "आता सोडवताव? आता काय उपेग?" आणि आत जाऊन रडली.

सराव म्हणजे काय तेही लिहितो. पेटी नसलेल्या माणसाला हवा गिळून पुन्हा वर आणायला शिकवतात, ढेकर देतो तशी, आणि त्या ढेकरावर शब्द बसवायचा. शिकवणाऱ्या बाई चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, रोज करा आणि स्वतःचं ऐका, त्याशिवाय सुधारत नाही. म्हणून मशीनसमोर बसतो. म्हणजे शक्तीवाल्यांचे शाहीर सदानंद धनावडे यांनी उतारवयात ढेकर देऊन देऊन तुझी डिस्क भरली, आणि लिनक्सच्या नव्या आवृत्तीला बसायला जागा ठेवली नाही. बिघाडाचं मूळ कारण हे. नोंद पूर्ण झाली.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातलंही लिहून टाकतो, पुन्हा लिहिणार नाही. आपलं घर माझ्या आज्यापासून शक्तीचं. तू तुऱ्याकडे गेलास, त्यांचा गुरू केलास, याचा मला राग होता. होता म्हणजे भरपूर होता. मुंबईच्या त्या बारीत तू समोर उभा राहून मला मुरलीचा सवाल टाकलास, तिला भोकं किती आणि पहिलं कोणी पाडलं. थिएटर गच्च भरलेलं. मी ढोलकीवाल्याला खूण केली, तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या, त्यांना वाटलं म्हाताऱ्याला उत्तर नाही. तुलाही तेच वाटलं असेल. मी बाहेर पडलो आणि मंडळाच्या बसमध्ये जाऊन बसलो. तू बसपर्यंत आलास ते मी काचेतून पाहिलं. खाली उतरलो नाही, कारण उतरून बोलणार कशाने? तेव्हा मला वाटलं होतं की घसा चिडलाय, आठवडाभरात येईल.

उत्तर मला येत होतं. ते गौरीला ओमकार देईल, तू तयारीत राहा.

येऊ नकोस. आलास तर काय बोलायचं हे तुलाही कळणार नाही आणि मला तर येणारच नाही. जागा कशी करायची तेवढं कळव.

बाबा


१ ऑगस्ट

दर्शन,

आठवडा गेला, उत्तर नव्हतं. मी समजलो. काल आलं. चार आज्ञा आणि त्या कोणत्या क्रमाने द्यायच्या. ऑपरेशनबद्दल एक अक्षर नाही. आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. असल्या गोष्टींवर उत्तर तरी काय द्यायचं?

पहिल्या आज्ञेनेच काम झालं. नवी आवृत्ती घेताना उतरवून घेतलेली खोकी आतच पडून राहिली होती, ती काढून टाकली. सामान लावून झाल्यावरही रिकामी खोकी माजघरात ठेवायची हा प्रकार लिनक्सवाल्यांना शोभत नाही. तेवढ्याने थोडी जागा झाली. 'सराव' ला हात लावावा लागला नाही. अर्धवट राहिलेली कामं पूर्ण करायची जी दुसरी आज्ञा होती, तिने निम्म्यात नेट मागितलं, आणि नेट तीन दिवस नाही. वाऱ्याने वायर कुठेतरी तुटली आहे. फोनचं नेट जोडून बघितलं, तेही मधेच तुटलं. उरलेल्या दोन आज्ञा राहिल्याच.

तरीही मशीन बंद करून चालू केली. नाव आलं, पासवर्ड घातला, काळी झाली. तुझी आई मागे उभी होती, तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि पडदा उघडला. मागचं चित्र बदललंय, चिन्हं वेगळीच आहेत, पण आत घेतलं. 'गाणी' उघडलं. सगळी आहेत, तू दिलेल्या नावांसकट. ओमकारला ताबडतोब बोलावलं. तो भिजत आला, वही काढून बसला. मी पहिला गण लावला.

आवाज नाही.

हिरवी रेघ वर-खाली होते आहे, म्हणजे मी गातो आहे. स्पीकर तपासले, वायर बदलली, हेडफोन लावला. फाइल धडधाकट आहे, मशीनलाच वाचा नाही. ओमकार म्हणाला, "काका, हिला पण..." आणि मधेच थांबला. तुझी आई हसायला लागली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा ती माझ्यासमोर मोठ्याने हसली. मग मीही हसलो. मी हसतो तेव्हा आता नुसते खांदे हलतात. ओमकार बिचारा आधी आमच्याकडे बघत राहिला, मग तोही.

हे मी आज सकाळी फोनवरून दोन ओळींत कळवलं होतं. त्यावर तुझं उत्तर आलंय: 'मशीनला हात लावू नका. शनिवारी येतो.'

उद्याच शनिवार आहे. येऊ नकोस असं मी लिहिलं होतं, पण ते मागच्या पत्रात. आईने बांगडे सांगून ठेवलेत. मासेमारी नुकतीच सुरू झाली आहे, तेव्हा मिळतील की नाही याची खात्री देत नाही.

बाबा


३ ऑगस्ट, रविवार
आपलं घर, पुढची खोली

दर्शन,

तू पलीकडच्या खोलीत मशीनसमोर बसला आहेस, इथून तुझी पाठ दिसते. तरी पत्र लिहितोय, कारण तू विचारलंस त्याचं उत्तर पाटीवर मावणार नाही. लिहून झालं की आईकडे देतो, ती तुला आणून देईल.

आधी कालचं. तू आलास, चप्पल काढलीस, माझ्या गळ्याकडे बघितलंस आणि मशीन कुठे म्हणून विचारलंस. मशीन जिथे होती तिथेच आहे हे तुला ठाऊक होतं. मी बोट दाखवलं. आईने पाणी आणेपर्यंत तू काळा पडदा उघडून बसलाही होतास. बरं झालं. मला भीती होती की तू पाया पडशील आणि रडशील, आणि मग मला काय करावं ते सुचणार नाही. अर्धवट राहिलेलं सगळं तू तुझ्या फोनच्या नेटवर पूर्ण केलंस. मी बाजूच्या खुर्चीवर बसून बघत होतो. तू आज्ञा देताना ओठांनी पुटपुटतोस ही सवय तुला माझी लागली आहे, मी गाणं जुळवताना असाच पुटपुटायचो. शेवटी मशीन चालू केलीस, तिने मुकाट्याने आत घेतलं आणि स्पीकरमधून माझा आवाज आला. आई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

नंतर ओमकार आला आणि तू उठून छत्री घेऊन फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलास. आधी मला कळलं नाही. ओमकार म्हणाला, "यंदा कुठले सवाल काढताव ता आयकायचा नाय म्हणून गेला, काका. बारीचा कायदा." दोन तास तू पावसात उभा होतास. तुरेवाला झालास, पण बारीचा कायदा तुला इथेच शिकवला होता. मला तुझा अभिमान वाटला. हे मी तुला कधी तोंडाने म्हटलं नाही, आणि आता ती सोय नाही, म्हणून लिहितोय. ओमकारला सगळ्या चाली मिळाल्या. दुसरी प्रतही तू काढून दिलीस, न ऐकता.

आता तुझा सवाल. आज सकाळी हेडफोन लावून तू 'सराव' मधल्या फाइली ऐकत बसलास. मी नको म्हणून हात केला, तू बघितलं नाहीस. बऱ्याच वेळाने मागे वळून म्हणालास, "बाबा, एकच काय तरी परत परत म्हणताव. काय ता कळत नाय. काय म्हणताव?"

शिमग्यात आम्ही गावी होतो. पालखी आपल्या अंगणात आली होती, ढोल चालले होते, आई ओटी भरायच्या गडबडीत होती. तिचा फोन पायरीवर ठेवलेला, तो वाजला, तुझं नाव दिसलं. तू पालखी घरी आली का विचारायला केला असशील, दर वर्षी करतोस. मी उचलला. आईला हाक मारायला हवी होती, ती मारता येत नाही हे उचलताना लक्षात राहिलं नाही. एवढ्या वर्षांची सवय. तू म्हणालास, "आये?" मग थोडं थांबून, "बाबा?" ते तू कशावरून ओळखलंस कोण जाणे. मी तोंड उघडलं, नुसता वारा आला, तोही गळ्यातून. तू म्हणालास, "बाबा, अजून राग हाय?" मी जोर करत होतो. तू म्हणालास, "बरा," आणि ठेवलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीला परत आलो आणि मशीनसमोर बसलो. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की प, ब, त, क हे आधी जमतात, तेव्हा तसे शब्द निवडा. बहुतेक लोक पाणी घेतात, चहाला हाक मारायला कप घेतात. मला पाणी पाटीवर मागता येत होतं. मला तुझा फोन उचलल्यावर म्हणायचा शब्द हवा होता. इतकी वर्षं मी फोन उचलून तुला जे म्हणायचो तेच. बोल.

फाइलींत तेवढंच आहे. आधीच्या फाइलींत नुसते ढेकर आहेत, नंतर 'बो' येतो, 'ल' येत नाही. जूनपासून 'ल' येतोय, रोज नाही. आईला ऐकवलं नाही. आवाज माझा नाही, बेडकासारखा आहे, तुला ओळखू येणार नाही. पण तो शब्द आहे एवढं मी ऐकून तपासलं आहे. म्हणून पुसायला तयार नव्हतो, मला पुढे-मागे तुलना करायला त्या लागतात.

तुझ्यासमोर बसून म्हणायला मला जमणार नाही. तोंड वेडंवाकडं होतं आणि गळ्याकडे हात जातो, ते तू बघू नयेस असं वाटतं. पाऊस थांबलाय. तू खाली समुद्रावर जा आणि तिथून माझ्या फोनवर फोन लाव. मी उचलतो. पण लगेच ठेवू नकोस, हवा गिळायला मला थोडा वेळ लागतो.